शेपटासकट अळंबी

२३ जुलै १९५७
पोचले एकदाची. वैनगंगा डोंग्यातून, पुढे धानोऱ्यापर्यंत खटारा बस, तिथून बैलगाडी. हाडं खिळखिळी. जंगलखात्याचे नाकेदार देवाजीभाऊ, त्यांनी सोमीबाईच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, खाट टाकून दिली. गेल्या वर्षीही इथंच उतरले होते. मास्तरीणबाई वाळली, सोमीबाई म्हणाली. नागपूरचं पाणी, म्हटलं.

रजा कशीबशी मिळालीय. काम एकच. वारुळावरची ती राखी टोपीची अळंबी, जमिनीतल्या शेपटासकट. (मूळ म्हणायचं नाही, कॉलेजातले आमचे सर रागावतात. बुरशीला मूळ नसतं.) गेल्या वर्षी नेली ती शेपूट तुटलेली. सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, खूश झाले, मग म्हणाले, "नवी जात वाटते. पण अर्ध्या देहाला नाव देता येत नाही." तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही.

२६ जुलै
सापडली. नाल्यापलीकडच्या वारुळावर घोसचे घोस. आधी चाकूनं, मग नुसत्या बोटांनी उकरत बसले. शेपूट वीतभर, टोकाला काळं. येताना आनंदात दगडावरून घसरले, पाय मुरगळला. टोपली मात्र आडवी होऊ दिली नाही. सोमीबाईनं हळद-चुना लावला. टोपली सपरीत ठेवली, जरा डोळा लागला...

संध्याकाळी. उठले तर टोपली रिकामी. सोमीबाईनं शेपटं छाटून, सोलून, धुऊन भाजी टाकली होती. पाहुणी सात्या घेऊन आली (सात्या म्हणजे हीच अळंबी), तर रांधायला नको? छाटलेली शेपटं कोंबड्यांनी विस्कटली. जेवले. रडू येत होतं आणि भाजी अप्रतिम होती, दुसऱ्यांदा वाढून घेतली.

२८ जुलै
पाय टेकवत नाही. सात्या चार दिवस फुटतात नि कुजतात. मी खाटेवर.

देवाजीभाऊंकडून सोमीबाईला सगळं नीट सांगवलं. खायची नाही, नागपूरला न्यायची आहे, तिला नाव द्यायचंय. ती चकित. नाव तर आहे. जगभरच्या लोकांना कळेल असं नाव, मी म्हटलं. "मंग त्यायलेबी सात्याच म्हणू दे ना," म्हणाली. तरी शेजारणींना गोळा केलं, आणि धानाची रोवणी टाकून सगळ्या रानात गेल्या. माझ्यासाठी. मी यांची कोण?

३० जुलै
द्रोणावर द्रोण. पळसाच्या पानांत पांढऱ्याशुभ्र, धुतलेल्या, सोललेल्या सात्या. एकीलाही शेपूट नाही. मातीची आणा, म्हटलं की माना डोलावतात, आणि पुढचा द्रोण आणखी लख्ख. शेवटी आवाज चढला माझा. मग लाज वाटली. बाया पावसात भिजून आलेल्या, आणि मी त्यांच्यावर वर्गातल्यासारखी खेकसतेय.

३१ जुलै
सोमीबाई खाटेशी येऊन बसली. मग म्हणाली, "पाहुण्याच्या हाती माती देत नाई, बाई. गाव थुंकीन माह्या तोंडावर. तू पाहुणी हायेस तोवर धुऊनच भेटन. घरची हो, मंग जसं निंगालं तसं देईन."

घरचं व्हायचं म्हणजे काय करायचं, विचारलं. तिनं जात्याकडे बोट दाखवलं.

१ ऑगस्ट
दळलं. पाय लांब करून, एका कुशीवर कलून. पीठ असं जाडंभरडं की सो.बाई हसून हसून आडवी. आपलं ताट आपणच घासलं. खाट काढून घेतली, चटई दिली. जेवताना कुणी आग्रह केला नाही. आणखी भाजी मागितली तर "तिथी हाये, घे". इतकं बरं मला कुठल्याच पाहुणचारात वाटलं नव्हतं.

पण वारुळावर नव्या फुटायच्या थांबल्यात म्हणतात. रजा सोमवारी संपते.

३ ऑगस्ट
सकाळी सो.बाई निथळत आली. आज मास्तरीणबाई नाही, बाई नाही. नुसतं "धर". मांडीवर चिखलाचा गोळा आदळला. मग आणखी दोन. हलक्या हातानं माती सोडवली तर आत राखी टोपीपासून काळ्या टोकापर्यंत सगळं अखंड. लांबच्या वारुळाला गेली होती, कोपरापर्यंत हात घालून काढल्या. हातभर मुंग्या डसलेल्या.

रडलेच मी. कृतज्ञता वगैरे शब्द पुस्तकी वाटायचे, आज दुसरा सुचत नाही. सो.बाई म्हणाली, "रडतेस काऊन? चुलीवरचं पाह्य, भात लागून राह्यला."

भात लागलाच. दोघींनी तसाच खाल्ला.

११ ऑगस्ट, नागपूर
दोन नमुने नीट वाळले, एक स्पिरिटमध्ये. सरांनी उलटसुलट पाहिलं. "आता पूर्ण आहे." एवढंच म्हणाले, पण चहा स्वतःच्या पैशानं मागवला.

वाळवलेला एक विलायतेला पाठवायचा. तिथल्या जुन्या संग्रहाशी ताडून बघतील. सिलोनात की आफ्रिकेत कुणी हिला आधीच नाव देऊन बसलं असेल, तर आमचं रद्द. ही धाकधूक आहेच.

नावावरून सरांशी वाद. जिल्ह्याच्या नावावरून, चांद्यावरून ठेवा, रिवाज आहे, म्हणाले. सरांना आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हटलं. लॅटिन वर्णनाच्या वर 'डोमेस्टिका' लिहिलं, म्हणजे घरची. सर म्हणाले, "रानातल्या वारुळावरची ही. तिकडून विचारतील, घरची कशी?" विचारू देत, म्हटलं, सविस्तर कळवीन. सरांनी चष्मा काढून पुसला आणि सही केली.

१४ ऑगस्ट
पार्सल गेलं. उत्तराला वर्षसुद्धा लागेल म्हणतात. नाव रद्द झालं तर सोमीबाईला ते सांगायला मीच जाणार. टिकलं तरी जायचंच आहे.