'नको' नावाचा फिल्टर

४ ऑगस्ट, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस आणि टेबल चक्क खिडकीपाशी! तीन खणांचं, तिन्ही खण रिकामे, आतून पुसलेले. वरच्या खणात डबा ठेवला आणि संसार मांडून झाला. कंपनी वजनकाटे बनवते, त्यामुळे ऑफिसात जिकडेतिकडे काटे. येता-जाता मी तीनदा वजन केलं, तीनदा वेगळं आलं. शेजारी स्टोअरवाले काका बसतात. त्यांनी आल्या आल्या पंख्याचं वारं कुठे लागतं, कुठे लागत नाही, ते सविस्तर सांगितलं आणि माझं पेन मागून घेतलं. अजून परत आलेलं नाही.

काम सोपं आहे. कंपनीच्या एकेचाळीस मेलबॉक्स जुन्या होस्टिंगवरून, म्हणजे मेल सांभाळणाऱ्या कंपनीकडून, नव्यावर न्यायच्या आहेत. मेल हलवणारे दुसरे लोक आहेत; माझ्याकडे फक्त फिल्टर. 'अमक्याचा मेल आला तर तमक्या फोल्डरात टाक' किंवा 'फेकून दे' असे नियम लोकांनी वर्षानुवर्षं लावून ठेवलेत, ते सगळे गोळा करायचे. एकेक स्क्रीन उघडून उतरवत बसायला नको. होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलला एपीआय आहे. आपण प्रोग्रॅममधून विचारायचं, पॅनलने यादी द्यायची. साहेबांना म्हटलं, दोन दिवसांत देते. ताईला फोनवर सांगितलं तर हसायलाच लागली. म्हणाली, तू दोन दिवस म्हणतेस तेव्हा मी पंधरा धरते.

६ ऑगस्ट, बुधवार

माझ्या जिभेला हाड नाही हेच खरं.

एपीआयला विचारलं, फिल्टर दे. उत्तर आलं: 'यशस्वी'. यादी रिकामी. दुसरी मेलबॉक्स, तिसरी, चौथी. यशस्वी, यशस्वी, यशस्वी, आणि यादी रिकामी. शेवटी वैतागून अस्तित्वातच नसलेल्या मेलबॉक्सचं नाव घातलं. तरी यशस्वी! अरे बाबा, मग चुकलं असं तू म्हणणार तरी कधी? मदतीच्या पानावर एकच उदाहरण, तेही अर्धवट. होस्टिंगवाल्यांना तक्रार लिहिली, तर त्यांनी उत्तरादाखल मला तेच मदतीचं पान पाठवलं. साहेब जाता-येता 'झालं का?' एवढंच विचारतात. काकांनी विचारलं, कुणाशी पुटपुटतेयस? म्हटलं, पॅनलशी. त्यांनी अशी मान डोलावली, जणू तो माझा दूरचा दीर आहे.

७ ऑगस्ट, गुरुवार

आज डोकं चालवलं. एपीआयला खरंच काही दिसतं का, हे बघायला स्वतःच एक फिल्टर लावला. नाव 'चाचणी'. नियम असा की माझ्या ऑफिसच्या पत्त्यावरून मेल आला तर फेकून दे. मग यादी मागितली. आली!

पण त्यात 'चाचणी' नव्हता. एकच फिल्टर, नाव 'नको', सगळ्या मेलबॉक्सना लागू. त्यात सात पत्ते, सगळे याच कंपनीचे. शेवटचा माझा. आणि पुढे: फेकून दे.

बाकीचे सहा कोण? काकांना नावं वाचून दाखवली. ते चौदा वर्षं इथे आहेत. म्हणाले, या नावाचं एकही माणूस इथे कधी नव्हतं. साहेब म्हणाले तेच. हे काम माझ्याआधी कुणाला दिलं होतं का, विचारलं. तर म्हणाले, छे, तूच पहिली.

एपीआयला सांगितलं, 'नको' पुसून टाक. यशस्वी. यादी मागितली. जसाच्या तसा.

८ ऑगस्ट, शुक्रवार

अकरा वेळा पुसला. अकरा वेळा 'यशस्वी'. प्रत्येक वेळी परत हजर. पॅनलच्या स्क्रीनवर तर तो दिसतच नाही, मग पुसणार कुठून! साहेबांना पाठवलेले मेल पोचत नाहीत. तेवढं समजू शकते, फिल्टरच तसा आहे. पण आज मी समोर उभं राहून बोलले, तर ते मोबाइल बघत निघून गेले. शिष्ट कुठले.

११ ऑगस्ट, सोमवार

ताईचा मेसेज आला: तीन दिवस गप्प का? मी रोज लिहितेय तिला. माझ्या फोनवरून, ऑफिसच्या मेलवरून नाही. लगेच फोन लावला. तिने उचलला, हॅलो हॅलो केलं, नेटवर्कला शिव्या घातल्या, ठेवला. सात वेळा. मला तिचा शब्दन् शब्द ऐकू येत होता.

वरचा खण उघडला. डब्याखाली सहा ओळखपत्रं. पहिल्या दिवशी खण रिकामा होता, मी स्वतः पाहिला होता. नावं यादीतलीच. फोटो आहेत. सहाही कार्डांवर हुद्दा माझाच.

ती काकांच्या समोर नेऊन पसरली. काकांनी त्यांच्यावर चहाचा कप ठेवला.

१२ ऑगस्ट

मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, फिल्टरचं काम कुणाकडे आहे? म्हटलं, माझ्याकडे. त्यांनी पुन्हा विचारलं. मी उभी राहिले, हात वर केला, टेबलावर थापा मारल्या, शेवटी किंचाळले. साहेब म्हणाले, कुणाकडेच नाही ना, मग नवीन माणूस घेऊ. सगळ्यांनी माना हलवल्या.

काकांनीही.

१३ ऑगस्ट

जिन्याखाली एक टेबल आहे. काल नव्हतं. तिथे जाड चष्म्याचा माणूस मेल लिहीत बसलाय — सहाव्या कार्डावरचा. मी विचारलं, हे थांबवायचं कसं? त्याने वर पाहिलं. पाच दिवसांनी कुणीतरी माझ्याकडे पाहिलं. रडूच आलं.

म्हणाला, "पुसता येत नाही. वाढवता येतं फक्त."

म्हटलं, मग नवीन येणाऱ्याला सावध तरी करू.

"मी तुला चार दिवस ओरडून सांगत होतो," तो म्हणाला. "चाचणी लावू नकोस म्हणून. तुझ्या कानाशी."

आणि परत मेल लिहायला लागला. साहेबांना. 'कृपया उत्तर द्यावे.' खाली तोच मेल, आणि त्याच्या खाली तोच —

१४ ऑगस्ट

ताई आलीय. रिसेप्शनपाशी. माझा फोटो दाखवतेय. रिसेप्शनवाली म्हणाली, अशी कुणी इथे नाही. काकांना बोलावलं — काकांनी फोटो डोळ्यांजवळ धरला — नाही म्हणाले —

मी तिचा दंड धरलाय. तिने तो नुसता खाजवला —

वही तिच्या हाताखाली सरकवली. तिने उचलली! उघडली. ताई, मी इथेच लिहितेय, तुझ्या हातातल्या पानावर, तुझ्या अंगठ्याशेजारी — अक्षर बघ माझं — खाली बघ —

बघतेय. नजर ओळीवरून फिरतेय —

विचारतेय, ही कोरी वही कुणाची —

ताई, पान धरून ठेव, उलटू नको, अजून माझं