नावाआधीची जागा

रामबाग, इंदूर
२ फेब्रुवारी २०२५, वसंतपंचमी

चि. निधी हिस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझ्या बाबांचा गुडघा थंडीत कुरकुरतो आणि गुडघ्यापेक्षा बाबाच जास्त कुरकुरतात. कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याने जलेबी बारीक केली म्हणून त्याच्याशी बोलचाल बंद होती, ती परवा सुरू झाली. मनीषचा फोन येतो, तुझी खबर तुझ्या या भावाकडूनच कळते. तुझाही येतो म्हणा, पण "जेवलीस का", "हो, बाबा कसे आहेत", "बरे आहेत" याच्यापुढे आपली गाडी काही सरकत नाही. म्हणून म्हटलं, लिहावं. लिहिण्यात तुझी आई कुणाला हार जात नाही.

आज सरस्वतीपुढे बोरू ठेवला आणि नमस्कार करून लगेच उचलला, कारण काम आहे. आणि काम साधं नाही बरं का. इथल्या लालबागेत कलाकारांचा मेळा भरतो, त्यात यंदा माझे बोरूने नटवलेले लिफाफे लागणार आहेत. तुझ्या आईचे! तू लहानपणी ज्यांना "आईचा पसारा" म्हणायचीस, तेच.

झालं असं की आपल्या वरच्या मजल्यावर शलाका म्हणून एक मुलगी भाड्याने राहते. नोकरीसाठी पुण्याहून आली आहे. तिने खाली आमच्या गॅलरीत दोरीला चिमट्यांनी लटकवलेले लिफाफे पाहिले आणि थेट दारच वाजवलं. मला म्हणाली, काकू, हे जगात लोक करतात, याची प्रदर्शनं भरतात. मी म्हटलं, जग करत असेल बाई, मी तर सासूबाईंचा डोळा चुकवून सुरू केलं होतं. आता तिने मेळ्यात एक पूर्ण भिंत मिळवली आहे. अट एकच. लिफाफा डाकेतून जाऊन आलेला पाहिजे. घरात बसून नटवलेला नाही चालणार, ठप्पा खाल्लेला, पोस्टमनच्या पिशवीत चुरगळलेला पाहिजे.

अट मला एकदम पसंत पडली, पण त्यात एक झंझट निघालं. माझे लिफाफे माझ्याकडे आहेतच कुठे? सगळे लोकांकडे. मग मी मागत सुटले. शेजारच्या इंदिराकाकूने संक्रांतीचा दिला, त्यावर तिळाच्या तेलाचा डाग. महूच्या विक्रममामाने तर साफ नकार दिला. त्याने सगळे टेबलाच्या काचेखाली लावले आहेत, म्हणाला ज्याला बघायचे असतील त्याने महूला यावं, मी चहा पाजेन. फौजेतून निवृत्त झाला तरी हुकूम सुटत नाही.

पण खरे देखणे लिफाफे तुझ्याकडे आहेत, नाशिकला. तुझं लग्न झाल्यापासून दर दिवाळीला, दर वाढदिवसाला मी जीव ओतून केलेले. शलाका रोज विचारते, काकू, ताईकडचे आले का? मी रोज म्हणते, येतील, येतील. तुला मात्र विचारत नाही. का विचारत नाही, ते तुला माहीत आहे.

त्या सगळ्यांवर "सौ." आहे. भलंमोठं, कुंकवाच्या रंगात, खाली वेल काढलेलं. सौ. निधी हृषीकेश मोहिते. आणि शेवटचा तर मी, तुम्ही वेगळे झाल्याचा कोर्टाचा निकाल लागल्यानंतर पाठवला होता. तेव्हा तू फोटो काढून फक्त एवढंच लिहिलं होतंस, "अक्षर सुंदर आहे, आई. पण ही बाई कोण?"

खोटं कशाला बोलू, मला तेव्हा राग आला. वाटलं, एवढी मेहनत केली आणि ही मजाक उडवते. मग पुढे तुला लिफाफा काढायला बसले की हात आपोआप "सौ."कडे जायचा आणि तिथेच थांबायचा. बाकी सगळ्यांना पाठवत राहिले, तुला नाही. तुला वाटलं असेल, आई रुसली. मी रुसले नव्हते गं. मला तुझ्या नावाआधी काय लिहायचं तेच कळत नव्हतं.

शलाका आल्यावर मात्र मी हट्टाला पेटले. म्हटलं, भिंतीवर निधीचा लिफाफा नसेल तर काहीच नको. मग सुरू झाली शोधाशोध. "कु." लिहिलं आणि एकटीच हसत बसले. "श्रीमती" आपल्या लोकांत कसं वाचतात ते तुला ठाऊक आहे, ते कागदावर टेकवलंच नाही. डाकघरात खिडकीवर संजीवजी म्हणून आहेत, ते म्हणाले, "सुश्री लिख दो मैडम, झगड़ा ही खतम." लिहून पाहिलं, तर मंत्रालयातून पत्र आल्यासारखं दिसायला लागलं. तुझे बाबा म्हणाले "चि." लिही, आपल्याला ती चि.च आहे. मी म्हटलं, ते आत, पत्रात, आपसातलं. बाहेर नाही. मनीषने सांगितलं की तू आता कारखान्यात तुझ्या विभागाची मुख्य झालीस. बाई म्हणून पहिलीच. ही गोष्टसुद्धा तू फोनवर सांगितली नाहीस. अशा मुलीला डाकवाल्यासमोर चि. म्हणू काय?

शेवटी काहीच लिहिलं नाही. निधी जगदाळे. बस. बाबांचं म्हणणं होतं की मध्ये "प्रतापराव" यायला पाहिजे, होळकरांच्या फौजेतलं घराणं वगैरे वगैरे. मी म्हटलं, तुमच्या नावाशिवायही पोस्टमनला ती सापडते. त्यावर दुपारचा चहा त्यांनी पाठ करून प्यायला.

आणि निधी, अक्षर असं उतरलंय म्हणून सांगू! पहिली वेलांटी डावीकडून येते, दुसरी उजवीकडून, आणि कृष्णपुऱ्यात नदीकाठी होळकरांच्या समाध्यांवर छत्र्या आहेत ना, तसे दोन्हींचे दोन घुमट झालेत. खाली नदी काढली आहे, आता वाहत नाही तशी, स्वच्छ. इतक्या वर्षांत तुझ्या नावात दोन घुमट आहेत हे मला दिसलंच नव्हतं. "सौ."च्या वेलबुट्टीखाली ते कायम दबून जायचे.

तो लिफाफा वाळत होता तेव्हा इंदिराकाकू आली. चष्मा वर करून वाचला आणि म्हणाली, "शैलजा, सौ. राहिलं का गं?"

आजवर मी इथे कुणालाच काही सांगितलं नव्हतं, हे तुला कळलंच असेल. जावई कामात आहेत, सुट्टी नाही, असंच चालवत होते. शलाकाने तर आधीच सांगून ठेवलं होतं की नाव झाकायचं असेल तर वर कागदाची पट्टी लावू. इंदिराकाकूलासुद्धा काहीतरी थाप मारता आली असती. पण समोर ते दोन घुमट होते. मी म्हटलं, "राहिलं नाही. काढलंय."

मग बसवून तिला सगळं सांगितलं. निकाल, तुझं घर, तुझी बढती. तिने चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली, आणि ती फाटकाबाहेर पडायच्या आत सगळ्या रामबागेला कळलं असावं. महिला मंडळात एकीने "अरेरे" सुरू केलं. मी तिला म्हटलं, अरेरे कशाचं, माझी मुलगी विभाग चालवते, पेढे खा. आणि खरोखर पेढे वाटले. मला तुझा अभिमान वाटतो, निधी. फोनवर हे वाक्य "जेवलीस का"च्या मागे राहून जातं, म्हणून लिहून पाठवते आहे.

मग एकच काम राहिलं होतं. नावाआधीची जागा अजून रिकामी होती. तिथे आंबा काढला, पोपट काढला, वेगळ्या कागदावर सगळं करून पाहिलं, काही जमेना. मग सुचलं, तिकीट तिथेच चिकटवायचं. कोपऱ्यात नाही, तुझ्या नावाच्या आधी. म्हणजे इंदूरचा गोल ठप्पा तिथे बसेल. संजीवजींना दाखवून आले. आधी म्हणाले, टिकट कोने में लगता है. मग म्हणाले, बरं, हाताने मारून देईन, पण ठप्पा तो ठप्पा है माताजी, फैल गया तो मेरी जिम्मेदारी नहीं. मागे त्यांनी माझ्या एका पोपटाच्या थेट तोंडावर मारला होता, त्यामुळे मला धास्ती आहे.

उद्या सोमवारी हे पत्र त्याच लिफाफ्यात घालून देऊन येईन. ठप्पा बसलेला मी पाहणार नाही. तू हे वाचते आहेस म्हणजे तू तो पाहिलास. नीट उमटला का? "इंदूर" वाचता येतं का?

मेळा सोळा तारखेच्या रविवारी आहे. हा लिफाफा डाकेने परत पाठवू नकोस. द्यायचा असेल तर स्वतः घेऊन ये. आणि नाव असं चारचौघांत भिंतीवर लागायला नको असेल, तर तसं सांग. रागावणार नाही. शलाकाला सांगून ठेवलंय की निधी नाही म्हणाली तर माझी जागा मोकळी सोड, दुसरं काही लावू नकोस.

आता लिफाफा उलटा कर आणि पाठवणाऱ्याचं नाव वाच. तिथेही मी नावाआधी काही लिहिलेलं नाही. तुझे बाबा ते बघून म्हणाले, "अगं, मी अजून जिवंत आहे!" मी म्हटलं, असा खूप वर्षं. पण माझी मुलगी नुसत्या नावाने जाते आहे, तर मीही तिच्याबरोबर नुसत्या नावानेच जाते. मग तिकिटाला डिंक त्यांनीच लावला.

वाट बघते आहे.

तुझी आई,
शैलजा जगदाळे