कीर्तनाची परवानगी

प्रिय कृपा,
तुला ख्रिस्तात सलाम.

चर्चमधलं माझं नाताळचं कीर्तन म्हणजे हिंदूंची परंपरा न विचारता उचलणं आहे, असं तू दिवाळीच्या सुट्टीत म्हणालीस. आपल्या घरात पणजोबांपासून कीर्तन आहे, म्हणून मला फार लागलं. तरी विचारायला काय हरकत, असं म्हणून मी सावेडीतल्या नारायणबुवा जोश्यांकडे गेलो. ते देवळात कीर्तन करतात.

परवानगी मागितली, तर त्यांनी आधी मला येशूचं एक पद गायला लावलं. ऐकून म्हणाले, "परवानगी देत नाही."

माझं तोंड उतरलं. "धर्मामुळे का?"

"धर्म कुठं आला? तुम्ही बेसूर गाता. असं कीर्तन मी सख्ख्या भावालाही करू देणार नाही."

तेव्हापासून बुवा रोज संध्याकाळी पेटी घेऊन घरी यायला लागले. तुझ्या मामीच्या हातचा चहा प्यायचे आणि मला रडवायचे. नाताळला तर स्वतःच पेटीवर बसले. येशूनं वादळ शांत केल्याचं आख्यान मी लावलं, आणि चर्चमध्ये नेहमी पेंगणारे एडविनकाका चक्क जागे राहिले.

परतताना रिक्षात बुवा हळूच म्हणाले, "सत्यवानराव, ही वादळाची गोष्ट मी रामनवमीला देवळात सांगू का? परवानगी कोणाची घ्यायची?"

आनंदाच्या भरात मी "माझी!" म्हणून बसलोय. खरं तर तुला विचारायला हवं. पण तू नको म्हणालीस, तर बुवांना काय सांगू? म्हणून हे पत्र पाठवत नाही. रामनवमी झाली की फोन करीन.

तुझा,
सत्यवानमामा