कान घेऊन येणारी माणसं

३ मार्च
झाले एकदाचे हे अध्यक्ष! खालून दोन सायकली चोरीला गेल्या, म्हणून इमारतीची सभा भरली. नसती उठाठेव कुणालाच नको होती. ह्यांचा आवाज मोठा, निवृत्तीनंतर वेळही रिकामा. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "तुमच्यासारखा खमक्या माणूसच पाहिजे." झालं. घरी येऊन हे आरशासमोर बराच वेळ उभे होते.

११ मार्च
फाटक आता रात्री नऊला बंद, सकाळी सहाला उघडणार. टाळ्या पडल्या.

२ एप्रिल
गॅलरीत कपडे वाळत घालायचे नाहीत. मुलांनी खाली खेळायचं नाही. मला वाटलं, आता भांडणं होणार. पण कुणी चकार शब्द काढला नाही! उलट चौथ्या मजल्यावरची शिवणकामवाली सकाळी सकाळी दारात — "वहिनी, समोरचीने टॉवेल टाकलाय बघा. भाऊंच्या कानावर घाला." तिचे स्वतःचे कपडे स्वयंपाकघरातल्या दोरीवर कुबट वास मारताहेत. त्याचं काही नाही. समोरचीचे उन्हात वाळतात, हे खपत नाही.

१९ एप्रिल
डॉक्टर आले होते. उभ्याउभ्याच बोलले. "अध्यक्षसाहेब, भाचा आठवडाभर राहायला येतोय. चालेल ना?" स्वतःच्या घरात! हे गोंधळलेच. असलं काही ह्यांच्या डोक्यातही नव्हतं. मग घसा खाकरून म्हणाले, "तीन दिवस." डॉक्टर आभार मानून गेले. संध्याकाळी फलकावर नवा नियम — पाहुणे तीन दिवस.
बळी तो कान पिळी म्हणतात. इथे माणसं आपला कान घेऊनच येतात.

२० एप्रिल
ह्यांना झोप छान लागते हल्ली.

६ मे
तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी एकटी राहते. पोहायला शिकवते, म्हणून मुलं तिला मासोळी म्हणतात. तिला तलावावर साडेपाचला पोचावं लागतं. फाटक लवकर उघडा म्हणाली. हे नाही म्हणाले. तर बाई आज फाटकावर चढून पलीकडे! फाटकाच्या खडखडाटाने जागी होऊन गॅलरीत आलेली मुलं खिदळली. त्यांच्या आयांनी त्यांना ओढून आत नेलं. हसू मात्र त्यांनाही आवरत नव्हतं, मी पाहिलं ना.

१४ मे
सभा. मासोळीचं पाणी बंद करायचं, असा ठराव. "शिस्त म्हणजे शिस्त," डॉक्टर म्हणाले. शिवणकामवालीने इकडेतिकडे बघून हात वर केला. मग सगळ्यांनीच. माझा हात कुणी धरून वर केला नव्हता.
सगळे घाबरले म्हणावं, तर हे काय करणार होते? साठी उलटलेला एक माणूस. जिना चढताना धाप लागते. आम्ही सगळे मिळून नुसते "नाही" म्हणालो असतो, तर मुकाट घरी येऊन वर्तमानपत्र वाचत बसले असते.

१७ मे
दुपारी मासोळी दारात. हातात रिकामी बादली. "काकू, एक बादली द्याल?" मी म्हटलं, "थांब हं, ह्यांना विचारून देते."
ती हसली. चिडून नाही, कीव आल्यासारखी. "राहू दे काकू," म्हणाली आणि गेली.
नळ माझ्या स्वयंपाकघरातला. बादली मीच भरणार होते.
दिवसभर तेच डोक्यात. ह्यांनी मला कधी अडवलं नाही, कधी हात उगारला नाही. मीच विचारत आले. बाहेर जाऊ का? पडदे बदलू का? ताईकडे राहून येऊ का? विचारलं की बरं असतं — चुकलं तर चूक आपली नाही.

१९ मे
बादली भरली. ह्यांच्यासमोरूनच नेली. हे बघत राहिले. तिच्या दाराला कुलूप होतं. शेजारीण फटीतून कुजबुजली, "गेली. सामान घेऊन गेली सकाळीच."
बादली तिथेच ठेवून आले.

२३ मे
ताईकडे आले आहे. विचारलं नाही. पिशवी भरली, "जाते" म्हटलं आणि निघाले. जिना उतरताना कान मागेच लागले होते — आता ओरडतील, आता!
संध्याकाळी ह्यांचा फोन आला. "अगं, चहाची पूड कुठे ठेवलीयेस?"