जोडव्याची सबब

११ नोव्हेंबर
चंद्रपूरहून आली. एमआरआय झाला नाई. मीच होऊ देला नाई.
मान धरते, उजवा हात बधिर होते, म्हणून डॉक्टरनं लिहून देलं होतं. नळीत घातलं, तोंडावर जाळी. वरचं छत नाकाले टेकते का काय! मशीनीची ठकठक सुरू झाली अन् भेव वाटलं तं दाबाले म्हणून हातात देलेला रबरी फुगा दाबतच राह्यली. "काढा मले, मरून राह्यली मी!" मशीनवाला म्हणे, "बाई, दोनच मिनिटं झाले."
दोन मिनिटं. दहा वर्सं झाले आशाताई म्हणून गावातल्या बायांले सांगून राह्यली, काई होत नाई, डोळे मिटून पडून राय.
बाहेर हे माझं मंगळसूत्र मुठीत धरून बसले होते. "झालं?"
"जोडवे निघाले नाई. मशीनीत धातू चालत नाई म्हणून त्याइनं घेतलं नाई."
जोडवे निघाले होते. येतानी मीच परत चढवले.

१२ नोव्हेंबर
धान कापतानी सासूबाईनं शेताच्या बांधीत सगळ्याइले सांगतलं, "नवरा जित्ता हाय तवर जोडवे नाई काढत म्हणाली आमची सून. मशीन गेली चुलीत!"
मी असं बोललीच नाई. पण नाई बी म्हटलं नाई.
संध्याकाळी यांनी स्वतः चहा मांडला माझ्यासाठी. त्यापरीस दोन शिव्या देल्या असत्या तं बरं.

१५ नोव्हेंबर
शेजारच्या रंजनाकडे गेली. महिन्यात तीनदा झटके आले तिले. डोक्याचा एमआरआय २० तारखेले, चिठ्ठी मीच आणून देली होती.
"मी नाई जात, ताई. तुमी जोडवे काढले नाई, मंग मी कायले काढू? माझा मालक काई परका हाय?"
तिची सासू मान हालवून राह्यली. सांगाले पाह्यजे होतं तिथंच. उठून आली. लाज वाटते लिहाले बी.

१७ नोव्हेंबर
रंजनाले पुन्हा झटका. चुलीपुढं पडली, कोपर भाजलं. मलम मीच लावलं. तवाबी तोंड उघडलं नाई. काय बाई हाव मी!

१८ नोव्हेंबर
सकाळी यांले सांगतलं. "जोडवे निघाले होते. मी भेली."
हे म्हणे, "मी तं गावभर छाती काढून फिरलो ना वो." जेवले नाई बरोबर.
तशीच रंजनाकडे. तिच्या सासूपुढं जोडवे काढून ओट्यावर ठेवले. "हे सहज निघतात. मी नळीत भेली, वरडली, अन् घरी खोटं बोलली."
रंजना जोडव्याकडे पाहे, माझ्याकडे पाहे. "तुमी भेल्या? तुमी?" मंग रडाले लागली. "मंग माझं काय व्हईन तिथं?"
हे तं ध्यानातच नाई आलं मले. जोडव्याची अडचण काढली अन् नळीचं भेव घालून देलं.
निघतानी म्हणे, "आधी तुमी जा. तुमी पुरं करून निघाल्या तं मी जाईन."

१९ नोव्हेंबर
फोन करून रंजनाच्याच तारखेले माझा बी नंबर लावला. उद्या सकाळची एसटी. आधी मी. सासूबाई बोलून नाई राह्यल्या. यांनी चूपचाप पावडरचा डबा माझ्या पिशवीत टाकला, जोडवे काढाले.
दुपारी नळीची सवय व्हाले खाटेखाली पडून पाह्यलं, डोळ्यावर दुपट्टा. शंभर मोजाचे होते. सत्तरले छाती दाटली, धडपडत निघाली. रंजना दारातच उभी.
"किती झाले, ताई?"
शंभर म्हणणार होती.
"सत्तर," म्हटलं.
ती खाली बसली, दुपट्टा उचलला, मले देला. "मी मोजते," म्हणे. "पडा परत."