हौसाच्या गुडघ्यावरचा लसूण

भुकूम, मंगळवार, संध्याकाळ

शेजारच्या हौसाच्या गुडघ्यावर माझ्यामुळे फोड आला, म्हणून लिहायला बसले. लसूण ठेचला की त्यात गंधकाचं अ‍ॅलिसिन तयार होतं, तेच गुणकारी, असं मीच तिला सांगितलं. वर माझा खलबत्ताही दिला. तेच अ‍ॅलिसिन कातडी भाजतं, हे सांगायचं राहिलं. दुखऱ्या गुडघ्यावर तिनं ठेचलेला लसूण बांधून दुपार काढली.

"आग झाली तेव्हाच का नाही सोडलंस?"

"तुमीच म्हनला ना बाई, लई जोर हाय त्यात. म्हनलं, लागू पडतोय."

उद्या उरवड्याच्या कारखान्यात तिला दिवसभर उभं राहायचं आहे. रुपयाएवढा फोड. कशी राहणार? रसायनशास्त्राची पदवी, आणि सांगितलं अर्धंच. थकले.

सकाळी दवाखान्यात नेते म्हटलं. तिनं खलबत्ता परत दिला, घासूनपुसून.