बावीस किलो

प्रिय भिंगरी,

तुझं सामान तयार आहे. डावी बॅग नऊ किलो चारशे, उजवी नऊ किलो चारशे. ताणकाट्याला टांगून तीनदा पाहिलं. ग्रॅम-दोन ग्रॅमचा फरक निघालाच तर तो काट्याचा, माझा नाही. पोस्टाच्या पार्सल खिडकीवर चौतीस वर्षं बसलेल्या बाईनं भरलेल्या बॅगा आहेत या; वाटेत फाटल्या, गळल्या किंवा एका बाजूला ओढायला लागल्या तर खुशाल माझ्या नावानं खडे फोड. त्या मागच्या मोठ्या गाठोड्याबद्दल मात्र मी काही बोलणार नाही. ते तू भरलंस आणि ते तसंच दिसतं. संध्याकाळी पाचला तू हे सगळं न्यायला येशील, मी चहा करीन, तू नेहमीसारखा उभ्यानंच पिशील, आणि बोलायचं ते राहून जाईल. म्हणून दुपारीच लिहायला बसले आहे. आपल्या दोघींत बडबडायचं काम तुझं आणि लिहायचं माझं, हे वसतिगृहात असल्यापासून ठरलेलं आहे. तुझे निबंधसुद्धा मीच लिहिले होते. आठवतं ना?

चार महिन्यांपूर्वी तुझा फोन आला तो दिवस मला नीट आठवतो. मी पडद्यांना इस्त्री करत होते. "तागडे, ठरलं. चाळीस दिवस, मोटरसायकलवरून, थेट समुद्राच्या टोकापर्यंत आणि परत. सामानाचं तू बघ. माझ्यावर सोपवलंस तर मी कपाटच पाठीला बांधून नेईन." तेवढं बोलून तू फोन ठेवलास. त्या गडबडीत पडदा जळला. त्रिकोणी डाग अजून आहे, येशील तेव्हा बघ. मी तो डाग चार महिने मोठ्या कौतुकानं बघत होते.

आपण दुकानात गेलो ते तर तू अजून सगळ्यांना सांगत फिरतेस. तो दुकानदार पत्र्याच्या चकचकीत पेट्या दाखवत होता, आणि तू डोळे विस्फारून बघत होतीस, लहान मूल खेळण्यांच्या दुकानात बघतं तशी. "आजी, ही पेटी आयुष्यभर टिकेल," तो म्हणाला. मी विचारलं, "कुणाच्या आयुष्यभर? तिच्या, माझ्या की तुझ्या?" रिकामी पेटीच पाच किलोची. शिवाय गाडी पडली तर पाय पेटीखाली चेंगरणार. म्हणून जाड कापडी बॅगा घ्यायच्या, आत रबरी अस्तराची पिशवी, पट्टे चार, कड्या लोखंडी, प्लास्टिकच्या नकोत, हे सगळं मी त्याला ऐकवलं. मग तो मागच्या सीटच्या जागी बसवायचा डबा घेऊन आला. त्यावर मी एवढी तडकले की तो बिचारा दोन पावलं मागे सरला. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "त्या डब्यानं तुझं काय घोडं मारलं होतं गं?" मी म्हटलं, नको म्हणजे नको. तू खांदे उडवलेस. तुला वाटलं, म्हातारपणी हट्टी झाले आहे. हट्टी तर मी अकराव्या वर्षापासून आहे.

आणि ते बावीस किलो. त्या बावीस किलोंवरून तू माझा किती छळ केलास! "अगं, गाडी दीडशे किलो नेते. मी बूट-हेल्मेट घालून चौसष्ट भरते. म्हणजे शहाऐंशी उरले. आणि तू मला बावीसवर बसवतेस? ही बाई सरकारी तिजोरी सांभाळत होती की पार्सलं?" मी तुझ्या टूथब्रशचा दांडा करवतीनं कापला, तेव्हा तू हसून हसून खुर्चीवरून घसरलीस. तिसरी विजार मी बाहेर काढली की तू हळूच आत ढकलायचीस, आणि मी ती पुन्हा बाहेर. तुझ्या त्या जाडजूड उशीवरून आपण दोन दिवस बोललो नाही. तेव्हा मला वाटत होतं की तुला सगळं माहीत आहे आणि तू मुद्दाम वेड पांघरते आहेस. तुझी ती जुनी सवय आहे.

वसतिगृहात सिस्टर ट्रंका तपासायच्या ते दिवस आठवतात? प्रत्येक कपड्याला कापडी नंबर शिवलेला हवा. माझा एक्केचाळीस, तुझा बेचाळीस. तुझे नंबर नेहमी निघालेले असायचे, आणि तपासणीच्या आदल्या दिवशी मी बसून तुझे मोजे, रुमाल, परकर सगळ्यांना बेचाळीस शिवायची. डब्यातला खाऊ मी इतका समसमान वाटायची की मुलींनी माझं नाव तागडी पाडलं, आणि तू एका जागी ठरायची नाहीस म्हणून भिंगरी. आपली खरी नावं आता फक्त पेन्शनच्या कागदांवर उरली आहेत. आणि तो रविवार! माळीकाका फाटकाशी त्यांची खटारा मोटरसायकल लावून आत गेले होते. तू टांग टाकून पुढे बसलीस, मला मागे ओढलंस, भूगोलाच्या पुस्तकातून फाडलेला नकाशा माझ्या हातात कोंबलास आणि तोंडानं गाडीचा आवाज काढायला लागलीस. गाडी तसूभरही हलली नाही, पण मी तुला अर्ध्या जगाचा रस्ता सांगितला. डावीकडे वळ. आता पूल आहे. आता समुद्र. सिस्टरनी पकडलं ते समुद्राशीच. तासभर गुडघ्यांवर बसवलं. तेव्हा तू न हलता, ओठांच्या कडेनं पुटपुटलीस, "मोठ्या झालो की खरंच जाऊ. मी चालवीन, तू मागे बसून नकाशा वाच." मी चौदा वर्षांची होते. माझ्यापुरतं ते तिथेच ठरून गेलं. तुझं लग्न झालं, शाळेत तू भूगोल शिकवत राहिलीस, मी लग्न केलं नाही, खिडकीवर बसून लोकांची पार्सलं लांबलांबच्या गावांना धाडत राहिले. पण ठरलेलं ते ठरलेलंच होतं. वेळ यायची होती, एवढंच.

आता ते बावीस किलो कुठून आले ते सांगते. दीडशेतून तुझे चौसष्ट गेले. माझे सत्तर गेले. उरले सोळा. सोळा किलोंत दोन बायका चाळीस दिवस कशा भागवणार? म्हणून मी भात सोडला, साखर सोडली, सकाळ-संध्याकाळ तळ्याला फेऱ्या मारल्या. गुडघ्यानं बोंब मारली तरी मारल्या. सहा किलो उतरवले. तू मध्ये म्हणालीस, "वाळलीस गं, डॉक्टरला दाखव." मला इतका आनंद झाला की त्या संध्याकाळी तळ्याला एक फेरी जास्त मारली. दिवसाला एक तास मी सोफ्याच्या हातावर दोन्हीकडे पाय सोडून बसायची, पाठीला सवय व्हावी म्हणून. समोर भिंतीवर या प्रवासाचा नकाशा. खालच्या मजल्यावरची पोरगी एकदा विरजण मागायला आली आणि मला तसं बघून भांडं विसरून गेली. चाळीस दिवसांचे चाळीस कागद मी केलेत: कुठे पेट्रोल, कुठे मुक्काम, कुठे दवाखाना. तुला वाटलं ते तुझ्यासाठी. मागे बसणारीला वाचता यावेत म्हणून मी अक्षर मोठं काढलं होतं.

मागच्या सोमवारी आपण गॅरेजमध्ये गेलो. बॅगा नीट बसतात का ते बघायचं होतं. मिस्त्री उकिडवा बसून पट्टे ओढत होता आणि तू ते गाठोडं कुठे बांधायचं म्हणून कुरकुरत होतीस. तो म्हणाला, "बाई, मागची सीट काढून टाकू का? सपाट कॅरियर बसवतो, बिछाना ठेवाल तरी मावेल. मागे कोणी बसायचं नाही ना?" आणि तू म्हणालीस, "छे हो! मागे कोण बसतंय. सामानच." मग हसलीस आणि म्हणालीस, "चाळीस दिवस कुणाचा आवाज कानावर पडायला नको, म्हणून तर निघालेय." मी तिथेच उभी होते, हातात ताणकाटा घेऊन. मिस्त्रीनं चार बोल्ट फिरवले. पाच मिनिटांचं काम. सीट काढून त्यानं टायरच्या ढिगावर ठेवली.

तुझ्यावर रागवायचा मी फार प्रयत्न केला. तुला माहीत आहे, रागवायला मला कष्ट पडत नाहीत. पण तुझा नवरा अंथरुणाला खिळला होता ती अडीच वर्षं, ते जाईपर्यंत, त्यांच्या उशाशी तुला बोलवायची घंटा होती. दर बुधवारी मी येऊन त्यांच्यापाशी बसायची, तू शेजारच्या खोलीत झोपायचीस, आणि झोपेतही घंटा वाजली की तुझे पाय हलायचे, ते दारातून मी पाहिलेलं आहे. तुला शांतता हवी आहे. तुला नाही तर कुणाला मिळायला हवी? हे सगळं मला कळतं. मला कळत नाही ते एवढंच की "कुणाचा" यात माझा आवाज कधीपासून मोजायला लागलीस. मला वाटत होतं की तो तुझ्या हिशेबी आवाजच नाही. तू चल म्हणाली नाहीस, मी येऊ का विचारलं नाही. त्रेपन्न वर्षांच्या मैत्रीत असं विचारायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं, आणि न विचारता आपण दोघी चार महिने एकाच टेबलावर दोन वेगवेगळ्या प्रवासांचं सामान भरत होतो. मी स्वतःला फार शहाणी समजते. ग्रॅमची चूक काढणारी बाई, आणि अख्खं माणूस जास्तीचं मोजलं.

घरी येऊन मी उजव्या बॅगेतून माझं सगळं काढलं. दोन विजारी, तीन सदरे, गुडघ्याचा पट्टा, गोळ्यांची डबी. सगळ्याला मी एक्केचाळीस शिवलं होतं, गंमत म्हणून. तू ते नंबर बघशील आणि खिदळशील असं मनात होतं. मग बॅग हलकी झाली, गाडी डावीकडे ओढेल म्हणून तुझी ती उशी आत घातली. जिंकलीस. तरी घाईत एक टॉवेल राहिला, तुझ्या गाठोड्यात गेलेला. परवा तुझा फोन. "अगं तागडे, एक्केचाळीस नंबरचा टॉवेल माझ्याकडे चुकून आलाय. काढून ठेवू का?" मी म्हटलं, असू दे, गाडी पुसायला होईल. काल तू गाठोडं वजनाला आणून टाकलंस, तेव्हा तो आतच होता.

आज सकाळी फक्त पट्ट्या शिवायच्या राहिल्या होत्या. दोन्ही बॅगांच्या आणि गाठोड्याच्या आत नाव, रक्तगट आणि काही झालं तर कळवायचा पत्ता. मी तुला फोन करून विचारलं, कुणाचा पत्ता घालू. तू दात घासत होतीस. "तुझाच घाल की, आणखी कोण आहे मला?" आणि चूळ भरलीस. खिडकीवर मी हजारो माणसांना सांगितलं असेल: बाई, पार्सलच्या डाव्या कोपऱ्यात परतीचा पत्ता लिहा, पोहोचलं नाही तर कुठे पाठवू? कोणीच ते मनावर घ्यायचं नाही. मी तीन पट्ट्यांवर माझा पत्ता लिहिला आणि शिवला. तिसऱ्या पट्टीचे टाके वाकडे पडलेत. सिस्टरांनी उसवायला लावले असते. मी राहू दिले.

हे पत्र मी बॅगेत ठेवणार नाही. आज संध्याकाळी तुला देणारही नाही. उद्या सकाळी सहाला फाटकाशी मी हात हलवीन, हसेन, तू वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत उभी राहीन, आणि मग कोपऱ्यावरच्या पेटीत हे तुझ्याच घरच्या पत्त्यावर टाकीन. परवा ते तुझ्या दाराच्या फटीतून आत पडेल आणि अडतीस दिवस फरशीवर धूळ खात राहील. तुझ्या शांततेत मला एका कागदाइतकाही आवाज करायचा नाही. पण हे तू वाचते आहेस, याचा अर्थ तू परत आली आहेस, बूट न काढता दारात उभी आहेस, आणि त्या तीन पट्ट्यांवरचा माझा पत्ता कुणाला वाचावा लागला नाही. एवढ्यासाठीच लिहिलं. चाळीस दिवस फोन वाजला की मी काय करणार आहे, ते तुला सांगण्यात अर्थ नाही. आता हातपाय धू, काहीतरी खा, आणि मग माझ्याकडे ये. मिस्त्री तुझी सीट भंगारात टाकत होता, मी उचलून आणली. स्वयंपाकघरात खुर्चीवर आहे, चार बोल्ट पाकिटात घालून तिला चिकटवलेत. घेऊन जा. माझ्यासाठी म्हणत नाही. सीटवाचून गाडी भुंडी दिसते.

तुझीच, परतीच्या पत्त्यावरची,
तागडी